के-५६२ सांभाळायला शिकताना: ल्युकेमियाच्या सेल लाइनवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.चा प्रकल्प असो की पीएच.डी.चं पहिलं वर्ष, ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, काम करायचं ठरलं की गाईड बहुतेक वेळा एकच नाव सुचवतात: के-५६२. वाढायला सोपी, तरंगत वाढणारी, जगभरच्या लॅबमध्ये असलेली. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच नवखी मुलं तिला गृहीत धरतात. फ्लास्क हातात आला की दुसऱ्याच दिवशी औषध घालून मोकळी होतात. माझं सांगणं याच्या उलट आहे. पहिला महिना एकही प्रयोग करू नका. पेशींची ओळख पक्की करा, त्यांचा वाढीचा वेग समजून घ्या, स्वतःचा गोठवलेला साठा करून ठेवा आणि मगच औषधाच्या बाटलीला हात लावा. महिना वाया गेल्यासारखा वाटेल, पण पुढची दोन वर्षं त्याच्यावर उभी राहणार आहेत.

आधी ही पेशी कुणाची, ते वाचा

या पेशी एका ५३ वर्षांच्या स्त्रीच्या आहेत. तिला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल होता आणि तो शेवटच्या टप्प्यात, ब्लास्ट क्रायसिसमध्ये पोचला होता. फुप्फुसाभोवतीच्या आवरणात साचलेल्या पाण्यातून १९७० साली या पेशी घेतल्या गेल्या. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात कार्मेन लोझिओ आणि बिस्मार्क लोझिओ यांनी त्या वाढवल्या आणि १९७५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत सतत वाढत राहिलेल्या सीएमएलच्या अगदी पहिल्या सेल लाइनपैकी ही एक.

सीएमएलचं मूळ एका गुणसूत्री अदलाबदलीत आहे. १९६० मध्ये नोवेल आणि हंगरफोर्ड यांना रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. त्याला पुढे फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले. ९ आणि २२ या क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जातात म्हणून ते तयार होतं, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुकं जोडली जातात आणि त्यातून निघणारं प्रथिन पेशीला ‘वाढ, वाढ’ असा आदेश न थांबता देत राहतं. के-५६२ मध्ये या जोडजनुकाच्या एकाहून कितीतरी जास्त प्रती आहेत. शिवाय गुणसूत्रांची संख्या ४६ नसून जवळजवळ तिप्पट संचाइतकी आहे.

आता प्रयोग आखण्याआधी लक्षात ठेवायचं ते हे: या पेशींत पी-५३ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन काम करत नाही, कारण त्याचं जनुक बिघडलेलं आहे. तसंच लगाम घालणाऱ्या पी-१६ चं जनुक तर पूर्ण गळून गेलेलं आहे. पी-५३ मार्गे होणारा पेशीमृत्यू के-५६२ मध्ये तपासायला घेतलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. वर्षभर राबून उत्तर ‘काही फरक नाही’ असंच येणार, कारण ज्याच्यावर औषध काम करणार ते प्रथिनच तिथे नाही. सेल लाइन निवडताना अर्धा दिवस वाचनाला द्या.

पेशी कुठून आणायच्या

शेजारच्या लॅबमधून आणायच्या नाहीत. हे ऐकायला कठोर वाटतं, कारण आपल्याकडे ‘जरा एक व्हायल द्या ना’ अशीच देवाणघेवाण चालते. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्या व्हायलवर, म्हणजे गोठवलेल्या पेशींच्या कुपीवर, पॅसेज क्रमांक (पेशी आजवर किती वेळा पातळ करून नव्याने वाढवल्या तो आकडा) नसतो, ती कधी तपासली ते माहीत नसतं आणि ती नक्की के-५६२ आहे का, हेही कुणी पाहिलेलं नसतं.

भारतात संशोधनासाठी पेशी मिळण्याचं सरकारी ठिकाण म्हणजे पुण्याच्या गणेशखिंड भागात, विद्यापीठाच्या आवारात असलेलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, सगळ्यांच्या बोलण्यातलं एनसीसीएस. तिथल्या पेशीसाठ्यातून देशभरच्या संशोधन संस्थांना सेल लाइन दिल्या जातात. मागणी तुमच्या गाईडच्या नावाने आणि संस्थेमार्फत करावी लागते. परदेशातून मागवायची तर अमेरिकेतल्या एटीसीसी या पेशीसंग्रहात हिचा क्रमांक सीसीएल-२४३ आहे, जर्मनीतल्या डीएसएमझेडमध्ये एसीसी १०. परदेशी मागणीत आयातीची कागदपत्रं, कोरड्या बर्फातला प्रवास आणि विमानतळावरचा खोळंबा धरून चाला. बर्फ वाटेतच उडून गेला तर व्हायल आली तरी पेशी गेलेल्या असतात.

पेशी येण्याच्या आधीच दोन गोष्टी ठरवून ठेवा: त्या पहिले काही दिवस कुठे वेगळ्या राहणार आणि त्यांची वही कोण लिहिणार.

तयारी

मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव, आरपीएमआय-१६४० किंवा आयएमडीएम, यांपैकी कुठलंही चालतं. एटीसीसी आयएमडीएम सुचवते, आपल्याकडे बहुतेक लॅबमध्ये आरपीएमआय असतं. जिथून पेशी आल्या तिथे जे वापरत होते त्यावरच सुरुवात करा, बदलायचं असेल तर पेशी स्थिरावल्यावर हळूहळू बदला. त्यात १० टक्के फीटल बोवाइन सिरम. सिरमच्या बाटलीवरचा लॉट क्रमांक वहीत उतरवा. लॉट बदलला की वाढीचा वेग थोडा बदलतो आणि मार्चमधला आलेख जुलैमधल्या आलेखाशी का जुळत नाही, याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घालावं का? घातलं तर घाला, पण एक छोटा फ्लास्क कायम प्रतिजैविकाशिवाय चालू ठेवा. प्रतिजैविक हळूहळू वाढणारं कंटॅमिनेशन दाबून ठेवतं, मारत नाही. बिनऔषधाचा फ्लास्क चार दिवस स्वच्छ राहिला तर तुमचा हात स्वच्छ आहे, असं मानायला जागा आहे.

इन्क्युबेटर ३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. तळाच्या ट्रेमधलं पाणी निर्जंतुक डिस्टिल्ड, दर आठवड्याला बदललेलं. पावसाळ्यात याकडे दुप्पट लक्ष द्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत बुरशीचे बीजाणू इतके असतात की ओले पुठ्ठ्याचे खोके सेल कल्चरच्या खोलीत आणणंसुद्धा महागात पडतं. वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडून ‘आत गरम आहे का’ ते पाहत बसू नका. बंद दाराआड पेशी बराच वेळ तग धरतात.

मानवी पेशी हाताळताना जैवसुरक्षेची दुसरी पातळी पाळावी, म्हणजे वर्ग दोनचं बायोसेफ्टी कॅबिनेट, ज्याला आपण सगळे ‘हूड’ म्हणतो, हातमोजे आणि एप्रन. नुसती हवा बाहेर, तुमच्या तोंडावर फेकणारं लॅमिनार फ्लो यासाठी चालत नाही. ते फक्त नमुन्याला वाचवतं, तुम्हाला नाही. टाकाऊ मीडियम ब्लीचमध्ये अर्धा तास ठेवून टाकायचं, किंवा ऑटोक्लेव्ह करायचं. दोन्ही एकत्र करू नका. ब्लीच घातलेलं द्रव ऑटोक्लेव्हमध्ये टाकलं तर विषारी वायू सुटतो.

व्हायल वितळवणं

गोठवणं हळू, वितळवणं झटपट, हा नियम. लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतं. व्हायलच्या झाकणातून आत शिरलेलं नायट्रोजन वितळवताना एकदम फुगतं आणि व्हायल फुटू शकते, म्हणून चेहऱ्यावर शील्ड हवीच.

आधी हूडमध्ये १५ मिलीच्या नळीत ९ मिली कोमट मीडियम तयार ठेवा. व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात धरा, झाकण पाण्याच्या वर. एक-दीड मिनिटात आतला बर्फ डाळीच्या दाण्याएवढा उरतो. तेव्हाच बाहेर काढा, ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि हूडमध्ये न्या. पूर्ण वितळेपर्यंत थांबू नका, कारण गोठवताना घातलेलं डीएमएसओ सामान्य तापमानाला पेशींना त्रास देतं. व्हायलमधला द्रव नळीत थेंब-थेंब सोडा आणि ५ मिनिटं २०० जीवर फिरवा.

इथे नवख्यांची नेहमीची गफलत होते: ‘जी’ आणि ‘आरपीएम’ एक नाहीत. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला २०० जी म्हणजे साधारण १३४० आरपीएम, मोठ्या रोटरला त्याहून कमी. तुमच्या सेंट्रिफ्यूजची त्रिज्या एकदा मोजून हिशोब यंत्रावर चिकटवून ठेवा.

वरचा द्रव काढून पेलेट, म्हणजे तळाला बसलेला पेशींचा गोळा, ५ मिली ताज्या मीडियममध्ये मिसळा आणि टी-२५ फ्लास्कमध्ये घाला. सुरुवातीला दाट ठेवा, मिलीला दोन ते तीन लाख पेशी. पहिले दोन दिवस फ्लास्क सारखा काढून बघू नका. मेलेल्या पेशी दिसतील, थोडा कचरा दिसेल, त्यात काही विशेष नाही. तिसऱ्या दिवशी गोल, चकचकीत पेशी जास्त दिसू लागल्या की वितळवणं जमलं.

आणि चिकटलेल्या पेशी सोडवणारं ट्रिप्सिन? लागत नाही. के-५६२ तरंगत वाढते. थोड्या पेशी तळाला टेकतात, थोड्यांचे लहान झुपके होतात, पण फ्लास्क हलकेच हलवला किंवा पिपेटने दोन-चारदा वरखाली केलं की सुटतात. स्तनाच्या किंवा यकृताच्या कर्करोगाच्या चिकटून वाढणाऱ्या पेशींवर हात बसलेली मुलं सवयीने ट्रिप्सिनची बाटली काढतात आणि त्याहून वाईट म्हणजे, जुनं मीडियम ओतून टाकतात. तरंगणाऱ्या पेशींत मीडियम ओतून टाकणं म्हणजे पेशीच ओतून टाकणं.

मोजणी, हेच खरं काम

के-५६२ ची तब्येत एकाच आकड्यावर सांभाळता येते: मिलीला किती पेशी. हा आकडा एक लाखाच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि दहा लाखांच्या वर चढू द्यायचा नाही. खाली गेला तर पेशी सुस्तावतात, वर गेला तर मीडियम आंबट होतं आणि पेशी मरू लागतात. त्याहून वाईट म्हणजे, दाटीतून वाचलेल्या पेशी तुमच्या नकळत वेगळ्या वागू लागतात. फ्लास्ककडे डोळ्यांनी बघून ‘आज ठीक वाटतंय’ म्हणणं पुरेसं नाही. मोजा.

पेशी नीट मिसळून घ्या, नाहीतर तळाच्या पेशी तळालाच राहतात. ५० मायक्रोलिटर पेशींत तेवढंच ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लू घाला आणि न्यूबॉवर चेंबरमध्ये भरा. मेलेल्या पेशींत निळा रंग शिरतो, जिवंत पेशी बिनरंगाच्या, कडेने उजळ दिसतात. तीन-चार मिनिटांत मोजून संपवा. ट्रिपॅन ब्लू पेशींना मारतं, उशीर झाला की मेलेल्यांचा आकडा खोटाच वाढतो.

समजा चार कोपऱ्यांच्या मोठ्या चौकोनांत जिवंत पेशी ५२, ४७, ५५ आणि ४६ मिळाल्या. बेरीज २००, सरासरी ५०. रंगामुळे पातळ झालं दुप्पट, म्हणून ५० गुणिले २, म्हणजे १००. एका चौकोनावरचं द्रव मिलीच्या दहा हजाराव्या भागाइतकं असतं, म्हणून पुन्हा गुणिले १०,०००. उत्तर: मिलीला १० लाख. फ्लास्क आजच पातळ करायला हवा.

आता तुम्हाला २० मिलीत मिलीला दीड लाख ठेवायच्या आहेत. एकूण हव्यात ३० लाख, म्हणजे या फ्लास्कमधलं ३ मिली. त्यात १७ मिली ताजं, कोमट मीडियम. झालं पॅसेजिंग.

के-५६२ साधारण २४ तासांत दुप्पट होते, काही लॅबमध्ये ३० तास किंवा त्याहून जास्तही लागतात. त्यामुळे आठवडा आखता येतो. सोमवारी दीड लाखावर ठेवल्या तर बुधवारी सहा लाखांच्या आसपास. बुधवारी पुन्हा पातळ करा. शुक्रवारी एक लाखावर ठेवा, म्हणजे रविवारची सुट्टी धरूनही सोमवारी आठ लाखांच्या पुढे जात नाहीत. शुक्रवारी कंटाळा करून तशाच ठेवलेल्या पेशी सोमवारी पिवळ्या मीडियममध्ये सापडतात. मीडियममधल्या फिनॉल रेड या रंगद्रव्याचा रंग वाचायला शिका: लाल-नारिंगी ठीक, लिंबासारखा पिवळा म्हणजे एकतर गर्दी किंवा जीवाणू, आणि जांभळट म्हणजे कार्बन डायऑक्साइड पोचत नाही.

पहिल्या महिन्यात स्वतःच्या पेशींचा दुप्पट होण्याचा वेळ काढून ठेवा. रोज ठरल्या वेळी मोजा. दीड लाखाच्या ७२ तासांत नऊ लाख झाल्या, म्हणजे सहापट. सहापट म्हणजे अडीचपेक्षा किंचित जास्त वेळा दुप्पट, तेव्हा दुप्पट होण्याचा वेळ आला साधारण २८ तास. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे कधी तो अचानक ३८ झाला, तर औषध, सिरम किंवा नशिबाला बोल लावण्याआधी मायकोप्लाझ्मा तपासा.

मायकोप्लाझ्मा

बुरशी डोळ्यांना दिसते, जीवाणू मीडियम गढूळ करतात. मायकोप्लाझ्मा हाही एक जीवाणूच, पण तो यांतलं काहीच करत नाही. इतका बारीक की ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटतो. पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनचा त्याच्यावर काही परिणाम नाही. तो मीडियममधलं अन्न खातो, तुमच्या पेशींची जनुकं कशी चालतात ते बदलतो, आणि महिनोनमहिने कुणाला पत्ता लागत नाही. एमटीटीसारख्या, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चाचण्यांचे आकडेही तो फिरवतो.

तपासणीचा सोपा मार्ग पीसीआर. पेशी दोन-तीन दिवस प्रतिजैविकाशिवाय दाट वाढू द्या आणि वरचं मीडियम तपासा. डीएनएला चिकटून चमकणाऱ्या डॅपी या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर केंद्रकाबाहेर बारीक चमकणारे ठिपके दिसतात, पण के-५६२ सारख्या गोल पेशींत ते ओळखायला सरावलेली नजर लागते. तपासणी नवी व्हायल आल्यावर एकदा, साठा गोठवण्याआधी एकदा आणि नंतर दर दोन महिन्यांनी. निकाल येईपर्यंत नव्या पेशी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. वेगळा इन्क्युबेटर नसेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत तो नसतोच, तर त्यांचं काम दिवसाच्या शेवटी करा, मीडियमची बाटली वेगळी ठेवा, फ्लास्क बंद डब्यात ठेवा.

लागण सापडली तर माझा सल्ला सरळ आहे: फ्लास्क नष्ट करा आणि जुन्या स्वच्छ व्हायलपासून पुन्हा सुरुवात करा. औषधाने बरं करता येतं, पण आठवडे जातात आणि बऱ्या झालेल्या पेशी पूर्वीसारख्याच आहेत याची हमी राहत नाही.

ओळख पटवणं

एका हूडमध्ये दोन सेल लाइन एकाच वेळी उघड्या ठेवल्या की मिसळण्याची शक्यता आली. जोरात वाढणारी हळू वाढणारीला काही आठवड्यांत पूर्ण दाबून टाकते. के-५६२ जोरात वाढणारी आहे. एसपीआय-८०१ आणि एसपीआय-८०२ या नावांनी वापरल्या गेलेल्या सेल लाइन तपासणीत के-५६२ च निघाल्या होत्या. म्हणून नियम: एका वेळी एकच सेल लाइन, प्रत्येकीची मीडियमची बाटली वेगळी, आणि मध्ये हूड पुसून थोडा वेळ मोकळं चालवायचं.

पक्की ओळख एसटीआर चाचणीने पटते, म्हणजे डीएनएमधल्या ठरावीक जागी छोटे तुकडे किती वेळा आलेत ते मोजून. के-५६२ चा ठसा जाहीर आहे: टीएच०१ या जागी फक्त ९.३, डी१३एस३१७ ला फक्त ८, व्हीडब्ल्यूएला फक्त १६, टीपॉक्सला ८ आणि ९. लिंग दाखवणाऱ्या अमेलोजेनिनला फक्त एक्स. वाय दिसला तर भेसळ आहे किंवा पेशीच दुसऱ्या आहेत. पण नुसत्या एक्सवरून के-५६२ सिद्ध होत नाही, कारण एचएल-६० ही ल्युकेमियाची दुसरी सेल लाइन, त्यासुद्धा स्त्रीच्याच पेशी आहेत. एकूण जुळणी ८० टक्के किंवा जास्त असेल तर पेशी त्याच मूळच्या मानल्या जातात. अहवाल आला की त्यातल्या जागा स्वतः एकेक जुळवून पाहा.

स्वतःचा साठा

पेशी आल्यावर दोन-तीन पॅसेजमध्येच, तपासण्या स्वच्छ आल्या की लगेच गोठवा. जोमात वाढत असलेल्या, ९० टक्क्यांहून जास्त जिवंत पेशी घ्या. व्हायलमागे ३० ते ५० लाख, ९० टक्के सिरम आणि १० टक्के डीएमएसओमध्ये. मिश्रण थंड ठेवा, पेशींत घातल्यावर दहा मिनिटांत व्हायल गोठवण्याच्या डब्यात गेल्या पाहिजेत. आयसोप्रोपेनॉल भरलेला डबा, म्हणजे लॅबमध्ये ज्याला सगळे मिस्टर फ्रॉस्टी म्हणतात तो, उणे ८० च्या फ्रीझरमध्ये ठेवला की तापमान मिनिटाला एक अंशाने उतरतं. दुसऱ्या दिवशी व्हायल लिक्विड नायट्रोजनमध्ये हलवा. उणे ८० मध्ये महिनोनमहिने ठेवलेल्या व्हायल हळूहळू मरतात.

आठवड्याने एक व्हायल वितळवून पाहा. हे कुणालाच करावंसं वाटत नाही, कारण आत्ताच तर गोठवल्या. पण गोठवण्यात काही चुकलं असेल तर ते कळण्याची हीच वेळ आहे. चालू फ्लास्क २० ते २५ पॅसेज झाले की बंद करा आणि साठ्यातून नवा सुरू करा.

आता प्रयोग

सगळ्यात आधी असा प्रयोग करा, ज्याचं उत्तर ठाऊक आहे. के-५६२ साठी तो म्हणजे इमॅटिनिब. ब्रायन ड्रुकर, निकोलस लायडन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की हा रेणू बीसीआर-एबीएलचा आदेश बंद करतो आणि सीएमएलच्या पेशी वाढायच्या थांबतात. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. भारतात याच औषधाच्या पेटंटवरून मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने लढा दिला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. परवडणाऱ्या किमतीत हे औषध आपल्या रुग्णांना मिळत राहिलं, त्यामागे तो निकालही आहे. तुम्ही प्लेटमध्ये घालता तो रेणू इतक्या लोकांच्या आयुष्यातून आलेला आहे, हे प्रयोग करताना माहीत असावं.

९६ खणांच्या प्लेटमध्ये खणामागे पाच ते दहा हजार पेशी, इमॅटिनिबच्या चढत्या मात्रा आणि ७२ तास. औषध ज्यात विरघळवलं ते डीएमएसओ सगळ्या खणांत सारखंच आणि ०.१ टक्क्याच्या आत. नुसत्या डीएमएसओचे खण विसरू नका. निम्मी वाढ रोखणारी मात्रा साधारणपणे एक मायक्रोमोलरच्या आत यायला हवी. त्याच प्लेटमध्ये बीसीआर-एबीएल नसलेली एचएल-६० ठेवली तर तिच्यावर त्या मात्रेत फारसा परिणाम दिसू नये. दोन्ही जमलं की तुमच्या पेशी, तुमचं औषध आणि तुमचा हात, तिन्ही ठीक आहेत.

एमटीटी करताना एक काळजी: पेशी तरंगत्या असल्यामुळे जांभळे स्फटिकही सैलच बसतात. मीडियम काढण्याआधी प्लेट सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर निकाल सक्शनच्या नळीतून निघून जातो. शक्य असेल तर स्फटिक त्याच मीडियममध्ये विरघळवणारी पद्धत वापरा.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र हेमिनचा आहे. के-५६२ ला ३० ते ५० मायक्रोमोलर हेमिन दिलं की तीन-चार दिवसांत ती लाल रक्तपेशींच्या वाटेला लागते आणि हिमोग्लोबिन बनवू लागते. पेशी सेंट्रिफ्यूज केल्या की फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो: बाजूच्या नळीत नेहमीचा मळकट पांढरा पेलेट आणि हेमिनच्या नळीत तळाला तांबूस गुलाबी. हेमिन स्वतःच गडद रंगाचं असल्याने पेशी दोनदा धुवा आणि मगच रंगावर विश्वास ठेवा. बेंझिडिनने रंगवून हिमोग्लोबिन असलेल्या पेशी मोजता येतात, पण बेंझिडिन कर्करोगकारक आहे. हातमोजे, फ्यूम हूड आणि वेगळा कचरा असेल तरच. नसेल तर आरटी-पीसीआरने गॅमा-ग्लोबिन मोजा. या पेशी गर्भावस्थेतली ग्लोबिन बनवतात, प्रौढांचं बीटा-ग्लोबिन जवळजवळ नाहीच. आणि नेमकं यामुळेच सिकल सेलवर काम करणाऱ्यांना त्या उपयोगी पडतात. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये सिकल सेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवून त्यांचा त्रास कमी करता येतो, हायड्रॉक्सियुरिया त्यासाठीच देतात. असा नवा रेणू शोधायचा तर पहिली चाळणी बऱ्याचदा के-५६२ वर लावतात. पहिलीच, हे लक्षात ठेवा. इथे उत्तर आलं की पुढे रुग्णांच्या किंवा दात्यांच्या मूळ पेशींवर ते तपासावंच लागतं.

हेमिनऐवजी पीएमए हे रसायन दिलं तर वाट बदलते. पेशी वाढायच्या थांबतात, मोठ्या होतात, तळाला चिकटतात, एकाहून जास्त केंद्रकं दिसतात आणि पृष्ठभागावर सीडी-६१ हे प्रथिन येतं, म्हणजे प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींसारख्या होऊ लागतात.

तिसरा नेहमीचा उपयोग एनके (नॅचरल किलर) पेशींच्या, म्हणजे परक्या किंवा बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या रक्तातल्या पेशींच्या चाचणीचा. के-५६२ च्या पृष्ठभागावर एचएलए वर्ग एकची प्रथिनं जवळपास नसतात. ‘मी आपलीच आहे’ ही खूण दिसत नाही म्हणून एनके पेशी तिला मारतात. चार तासांत किती के-५६२ मेल्या, यावरून एनके पेशींची ताकद मोजतात. इथे लक्ष्य म्हणून दिलेल्या पेशी स्वतःच अशक्त असतील तर सगळा आकडा बिघडतो, म्हणून एनके नसलेल्या खणांत आपोआप किती मेल्या ते प्रत्येक वेळी मोजा. आणि एनकेसाठी रक्त लागतं. वर्गमित्राचा हात पुढे आला तरी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आणि दात्याची लेखी संमती नसताना ते घ्यायचं नाही.

प्रबंधात काय लिहायचं

‘के-५६२ पेशी वापरल्या’ एवढ्यावर भागत नाही. कुठून आणल्या आणि कुठल्या क्रमांकाने, मीडियम आणि सिरम कोणतं, कितव्या ते कितव्या पॅसेजपर्यंत प्रयोग केले, एसटीआर कधी केली, मायकोप्लाझ्मा कोणत्या पद्धतीने आणि किती वेळाने तपासला, हे सगळं पद्धतीच्या प्रकरणात यायला हवं. अनेक नियतकालिकं आता हे विचारतातच. वही पहिल्या दिवसापासून ठेवली असेल तर हा परिच्छेद तासाभरात होतो. एसटीआरचा अहवाल आणि दुप्पट होण्याच्या वेळेचा आलेख परिशिष्टात जोडा. लॅब सोडताना वहीची प्रत, व्हायलची यादी आणि नायट्रोजनच्या टाकीतली त्यांची जागा पुढच्या विद्यार्थ्याच्या हातात द्या, म्हणजे त्याला शेजारच्या लॅबमध्ये व्हायल मागायला जावं लागणार नाही.